झोपलेल्याला हळद लावू नये

झोपलेल्या माणसाच्या तोंडाला काही फासू नये, असं आमच्याकडे म्हणतात. काजळ नको, रंग नको, गंमत म्हणून कोळशाच्या मिशा तर मुळीच नकोत. कारण झोपेत जीव अंगातून बाहेर पडतो, फिरून येतो, आणि परत आल्यावर तोंड वेगळं दिसलं तर हे आपलं घर नव्हेच असं समजून माघारी जातो. मग माणूस उठत नाही. हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक आहे. आणि अकरा वर्षांपूर्वी याच गोष्टीवरून माझ्या माहेरच्यांनी ठरवलं की माझ्या आईला मी मारलं.

माझ्या तोंडावर कुणी तसं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं, उत्तर तरी देता आलं असतं. आमच्याकडे तसं करत नाहीत. बायका आवाज खाली आणतात, तुमच्या पाठीमागे बघून बोलतात, आणि लेकुरवाळी पोरगी तुमच्या शेजारी झोपलेलं मूल हळूच उचलून दुसऱ्या खोलीत नेते. मूल नेण्याचं कारण विचारलं तर म्हणते, इथे डास आहेत.

माहेर कळव्याचं. आम्ही तिथले जुने. आजा-पणजापासून मिठागरावर राबलेले, मग थोडी भातशेती, मग जमिनींना भाव आला आणि घरावर मजले चढले. आईला आम्ही आय म्हणायचो. लग्न होऊन आली तेव्हापासून ती मिठागरावर जायची, तिच्याबरोबर तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी काकी. दोघी अनवाणी, डोक्यावर मिठाची पाटी. आयच्या तळपायांना भेगा होत्या, पण त्याच पायांना गुदगुल्या इतक्या व्हायच्या की घरात सगळ्यांना त्याची मजा वाटायची.

झोपेबद्दल आयचे नियम पक्के होते. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायचा आणि त्यावर झाकण घालायचं नाही, कारण जिवाला तहान लागली आणि तो तांब्यात उतरला तर अडकून पडायला नको. झोपलेल्याला डोक्याकडून हाक मारायची नाही, खांद्याला धरून हलवायचं तर नाहीच. पायाशी बसायचं आणि अंगठा हलकेच धरायचा. जीव लांब असला तरी अंगठ्याचा स्पर्श त्याला कळतो, असं ती म्हणायची. आम्ही भावंडं तिला तशीच उठवायचो. बोट टेकायचा अवकाश, पाय झटकन वर, आणि "काय हाय रे मेल्यांनो" म्हणून ती उठून बसायची.

तिच्या स्वप्नात नेहमी मिठागर यायचं. मी ठाण्याच्या कोर्टात कारकून म्हणून लागले, लग्न होऊन डोंबिवलीला गेले, माहेरची कौलं जाऊन गच्ची आली, मिठागरं बुजली, तिथे खारफुटी वाढली, पुढे उंच इमारतींच्या भिंती आल्या. आयचं स्वप्न मात्र जागचं हललं नाही. मी एकदा तिला चिडवलं, "आता तिथं पार्किंग झालंय. तुझा जीव रोज त्या वॉचमनला काय सांगून आत जातो?" ती शांतपणे म्हणाली, "मना कोन अरवनार? मी तितं त्याच्या आधीपासून हाय." मला कोण अडवणार, या बोलण्यात नुसता भोळेपणा नव्हता. आपण कुठे आधीपासून आहोत हे तिला नेमकं माहीत होतं.

पण तिच्या स्वतःच्या घरात तिला अडवत होते. बाबा गेले तेव्हा ती पंचावन्नची होती. त्या दिवसापासून हळदीची वाटी तिच्या हातून काढून घेतली गेली. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीची गाणी आयला जेवढी पाठ तेवढी गावात कुणालाच नव्हती. बाबा होते तोवर ती मांडवात बसून सांगायची. नंतर गाणं अडलं की एखादी बाई उठून मागच्या खोलीच्या दाराशी यायची, "आय, पुढचं कसं गो?" आय आतून ओळ सांगायची, बाई ती घेऊन मांडवात जायची. म्हणजे तिची जीभ चालत होती, हात चालत नव्हता. नवरात्रात ती कळव्याहून बस धरून टेंभी नाक्याला देवीला जायची आणि कुंकवाची पुडी घेऊन यायची, ती घरातल्या दुसऱ्या बायकांसाठी. बावीस वर्षं हे असं चाललं आणि आम्ही कुणीही त्याला काही म्हटलं नाही. त्या कुणीहीमध्ये मीसुद्धा आहे, ते मी नाकारत नाही.

मग माझ्या दादाच्या मुलाचं लग्न निघालं. या पोराला आयनं पायावर घेऊन न्हाऊ घातलेलं, शाळेत नेलं-आणलेलं. हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात डीजे लागला. नवऱ्यामुलाला हळद लागली, मग त्याच्या मित्रांना, मग मित्रांच्या मित्रांना. फोटोवाल्याला लागली. पाण्याचे जार घेऊन आलेल्या माणसाला धरून लावली, त्याला तर नवरा कोण हेही माहीत नव्हतं. गल्लीतल्या कुत्र्याच्या पाठीला कुणीतरी पंजा उमटवला. आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको, आयला म्हणाली, "आय, तुम्ही आत जरा पडा. दमल्या असाल."

आय दमली नव्हती. पहाटे उठून, नवी साडी नेसून ती मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसली होती आणि ओठातल्या ओठात गाणं म्हणत होती. वहिनीनं सांगितल्यावर ती काही न बोलता उठली आणि मागच्या खोलीत गेली. वहिनी वाईट नाही. तिला तिच्या सासूनं, म्हणजे आयनंच, हे शिकवलेलं. यामुळे तर मला जास्त चीड येते. असल्या रिवाजात एक माणूस धरून त्याला दोष द्यावा तर तेही जमत नाही.

कुत्र्याच्या पाठीवर पंजा बघितला आणि माझं डोकं फिरलं. माझे यजमान तेव्हा होते, त्यामुळे वाटी माझ्या हातात होती. मी ती घेऊन मागच्या खोलीत गेले. आय कॉटवर उताणी पडली होती, डोळे मिटलेले, पदर छातीवर नीट ओढलेला. मी तिला हळद लावली. कपाळाला, दोन्ही गालांना, पायांना. मग दार ओढून घेतलं आणि मांडवात गेले. चारच्या सुमारास वहिनी चहा घेऊन आत गेली, पायाशी बसली, अंगठा धरला. पाय वर आला नाही.

डॉक्टर आले. म्हणाले, वय झालं होतं, हृदय झोपेत थांबलं, त्रास झाला नसेल. सगळ्यांनी माना हलवल्या. डॉक्टर चप्पल घालून बाहेर पडले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचं म्हणणंही घराबाहेर गेलं. आयला आंघोळ घालायला काकी पुढे झाली. विधवेला हळद लावून कसं न्यायचं? म्हणून काकीनं ती घासून घासून काढली. आणि दिवसकार्याला बायका जमल्या तेव्हा माझ्या माघारी तिनंच सगळ्यांना सांगितलं, "तोंड रंगवलन. जीव आला आन् माघारी गेला." लग्न चार महिने पुढे गेलं. त्याचंही खापर माझ्या डोक्यावर.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक वेळ यावी, तसं झालं होतं. कोर्टात तीस वर्षं मी साक्षी-पुरावे फायलीला लावले आहेत. इतक्या पुराव्यावर तिथे कुणी तारीखसुद्धा दिली नसती. माहेरी मात्र एका वाक्यात निकाल लागला आणि अपील नाही.

बरं, ही गोष्ट खरी धरून चालू. रोज दुपारी आयचा जीव उठतो, खाडीकाठानं मिठागरावर जातो, बुजलेल्या मिठागरात आपली जागा हुडकून काढतो, आणि परत येतो. कळव्यात आता एका गल्लीत वीस इमारती सारख्या दिसतात, पोस्टमन चुकतो, पार्सलवाला खालून फोन करतो. हा जीव कुणाला न विचारता बरोबर घरी येतो, मागच्या दारानं, त्याच कॉटपाशी. आणि तिथे येऊन गालावरच्या चिमूटभर हळदीनं गोंधळतो? होळीला आम्ही ओळखू न येण्याइतके रंगून घरी यायचो, तरी आमची मांजर पायात घोटाळायची. मांजराला कळतं ते जिवाला कळत नाही? आणि नवऱ्यामुलाला तर डोक्यापासून पायापर्यंत पिवळा केला होता. तोही दुपारी तासभर घोरत पडलेला. त्याचा जीव कसा काय परत आला?

आणि यातलं काहीही मला उपयोगी पडलं नाही, हे सांगायलाच हवं. डोक्याला पटतं ते झोपेला पटत नाही. त्या वर्षापासून माझी दुपारची झोप गेली. डोळा लागलाच तर एकच स्वप्न: आय डोंबिवलीच्या माझ्या घरात, बेसिनपाशी उभी, नळ सोडलेला, ती तोंड धुते आहे, आरशात बघते आहे, परत धुते आहे. पिवळं जात नाही. मी मागे उभी असते, तिला म्हणायचं असतं की अगं राहू दे, छान दिसतंय. तोंडातून शब्द फुटत नाही. जाग आली की मला माझाच राग येतो, की जे मी मानत नाही ते मलाच का दिसतं. लोकांनी माझ्या स्वप्नातसुद्धा स्वतःचंच म्हणणं घुसवलं होतं.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झोप, स्वप्न आणि आत्मा या विषयावर व्याख्यान होतं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. वक्ते विद्वान, शाल पांघरलेले, आवाज गोड. आत्मा साक्षी आहे, आत्मा अलिप्त आहे, त्याला काही चिकटत नाही, असं तासभर सांगितलं. शेवटी मी चिठ्ठी पाठवली: झोपलेल्याच्या तोंडाला हळद लावली तर आत्मा परत येत नाही का? त्यांनी चिठ्ठी वाचली, हसले आणि म्हणाले, "या अशा अंधश्रद्धा बायकांनी आता सोडायला हव्यात." लोक हसले. लगेच पुढच्या चिठ्ठीला उत्तर देताना त्याच माणसानं उत्तरेला डोकं करून झोपू नये हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. ते लोकांनी लिहून घेतलं. माझी समजूत अडाणी आणि त्यांची ती विद्या. मी चहा न घेता घरी आले.

यजमानांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. म्हणजे वाटी माझ्याही हातून गेली होती. पण मी त्याचा फार विचार केला नव्हता, कारण माहेरी मला हळदीला हात लावू देणं तसंही बंद होतं.

यंदा दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. आय गेली तेव्हा ही शाळेत होती. तिनं फोन करून सांगितलं, "आत्या, पहिली हळद तूच लावायची. मला बाकी काही माहीत नाही." मी डोंबिवलीहून सकाळीच निघाले, नवी साडी नेसून. मांडवात डीजे होताच. मी कडेच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं वहिनी आली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिच्या डोळ्यांत खरंच माया होती, तेही सांगते. म्हणाली, "ताई, आत जरा पडा. लांबून आलात, दमल्या असाल."

मी उठले. काही न बोलता उठले, अगदी आय उठली होती तशी. मागच्या खोलीत तीच कॉट, आणि त्यावर काकी. आता ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, कुशीवर पडून भिंतीकडे बघणारी. मी तिच्या पायथ्याशी खुर्ची ओढून बसले. एवढ्यात भाची धावत आली, हातात हळदीची वाटी. ती स्टुलावर ठेवून म्हणाली, "आत्या, मम्मीचं टेन्शन घेऊ नको. मी मधेच सटकून येते, तू मला इथेच लाव, गुपचूप. कोणाला कळणार पण नाही." आणि गेली. पोरगी प्रेमानंच बोलली होती. पण गुपचूप हा शब्द मला जो लागला तो लागला. आयनंही जे काही मिळवलं ते याच खोलीत, दार ओढून.

मी मोठ्यानं म्हणाले, भिंतीला म्हणाले म्हणा, "झोपली नव्हती ती."

काकी भिंतीकडेच बघत होती. मी बोलत राहिले. अकरा वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मी आयच्या कपाळाला पहिलं बोट टेकवलं तेव्हाच तिच्या पापण्या हलल्या होत्या. तिनं डोळे उघडले नाहीत. पदर मात्र स्वतःच्या हातानं गळ्यापासून बाजूला केला. मी गालांना लावली, आणि डोळे मिटूनच ती म्हणाली, "पायांना पन लाव गो." मी तळव्यांना लावली, अंगठ्यांना लावली. जिच्या अंगठ्याला नुसतं बोट टेकलं तरी पाय झटकायची, तिनं पाय हलवला नाही. ओठ दाबून धरले होते, हसू येत होतं तिला. जीव घरीच होता. कुठे गेला नव्हता. हळद त्यानं मागून घेतली होती.

"मग तू कोनाला बोलली नाय ती?" काकीनं विचारलं.

"मी कशी बोलणार? बावीस वर्षं पाळलं आणि शेवटी मागून लावून घेतली, असं झालं असतं. मला नावं ठेवली ती ठेवली. तिला कशाला?"

बाहेर गाण्यावर गाणी चालू होती. मग काकी म्हणाली, "मना ठावं व्हता."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. ती भिंतीकडेच बोलत होती. "मीच धुतली ना तिला. अंगठ्याला हलद व्हती, तलव्याला व्हती. जल्मभर बरोबर चालली मी तिच्या. झोपेत तिच्या पायाला कोन हात लावील? मना तवाच कललं. पन बायकांनी तोंडावरची पायलेली. काय तरी सांगाया लागनार व्हता."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिला सगळं ठाऊक होतं. माझ्याजवळून झोपलेली मुलं उचलून नेत होते तेव्हा, मी बेसिनपाशी आयला बघत होते तेव्हा, या बाईला ठाऊक होतं. आयला वाचवायला मी गप्प बसले, आणि आयला वाचवायला हिनं मला पुढे केलं. दोघींना एकाच माणसाची अब्रू राखायची होती, पण किंमत मी एकटीनं दिली. मी तिला म्हणाले, "अकरा वर्षं, काकी. एकदा फोन करून सांगायला काय झालं होतं?"

ती सावकाश उताणी झाली, कण्हत. डोळे मिटून घेतले. आणि मग पायावरची चादर हळूहळू वर सरकायला लागली. तिनंच आतून ओढली होती. भेगाळलेली दोन पावलं उघडी पडली, अगदी आयच्या पावलांसारखी, मिठानं खाल्लेली. काकी आयच्याही आधी, तिशीत विधवा झालेली. तिला या घरात हळद लागल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

माझा राग गेला नाही. आजही गेलेला नाही, ती हे वाचणार नाही म्हणून सांगत नाही, तिलाही मी तसंच सांगितलं आहे. पण पाय समोर होते. मी उठले आणि आधी खोलीचं दार सताड उघडलं. समोर सगळा मांडव होता. दोन-चार बायकांनी वळून बघितलं, वहिनीनंही बघितलं. मी वाटी उचलली आणि कॉटपाशी आले.

"काकी, डोळे उघड आधी," मी म्हणाले. "नायतर लावणार नाही."

तिला वेळ लागला. दाराकडे बघून ती घाबरली, मग माझ्याकडे बघून डोळे उघडे ठेवले. मी तिच्या पायांना हळद लावली, मग गालांना. नंतर वाटी घेऊन सरळ मांडवात गेले. नवरीला अजून माझी हळद लागायची होती.